ग्रोथ हार्मोनचा रिपोर्ट ०.२ आला, म्हणजे नक्की काय आलं?

मागच्या दिवाळीत मिरजेला घरी गेले होते, तेव्हा शेजारच्या काकू एक कागद घेऊन आल्या. त्यांच्या नातवाचा रिपोर्ट. पोरगा नऊ वर्षांचा, चौथीत, उंची ११६ सेंटिमीटर, शाळेच्या रांगेत कायम पहिला. कागदावर एकच ओळ होती: ग्रोथ हार्मोन, ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. काकू म्हणाल्या, "तू एवढं शिकतीयस, सांग की ह्याचा अर्थ. आता रोज इंजेक्शन द्यावं लागणार म्हणं. परवडायचं कसं?"

मी डॉक्टर नाही. जैवरसायनशास्त्रात पीएच.डी. करतेय आणि हार्मोन मोजायच्या चाचण्यांशी माझा रोजचा संबंध येतो, एवढंच. तेवढ्या अधिकारात काकूंना म्हटलं, "ह्याचा अर्थ एवढाच, की ज्या मिनिटाला रक्त काढलं त्या मिनिटाला ह्याच्या रक्तात ग्रोथ हार्मोन जवळजवळ नव्हतं. आत्ता माझं काढलं तर कदाचित माझंही असंच येईल."

काकूंना ते पटलं नाही. हजार-दीड हजार रुपये देऊन केलेल्या तपासणीचा अर्थ "काहीच नाही" असा कसा असेल? प्रश्न रास्त आहे. तुमच्यापैकी जे पेटची किंवा सेटची तयारी करताय, पुढे संशोधनात येणार आहात, त्यांच्यासाठी तर हा प्रश्न फारच कामाचा आहे. म्हणून आज पिट्युटरी आणि ग्रोथ हार्मोनच्या चाचण्या जरा सविस्तर बघू.

नळाचं पाणी आणि हौद

पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी, मेंदूच्या तळाशी हाडाच्या एका खोबणीत बसलेली असते. आकार वाटाण्याएवढा. तिच्या वरच्या बाजूला हायपोथॅलॅमस. हायपोथॅलॅमसकडून दोन निरोप येतात: एक "सोड" म्हणणारा, जीएचआरएच, दुसरा "थांब" म्हणणारा, सोमॅटोस्टॅटिन. ह्या दोघांच्या ओढाताणीमुळे ग्रोथ हार्मोन दिवसभर सारखं पाझरत नाही, झटक्या-झटक्याने सुटतं. सगळ्यात मोठा झटका रात्री, गाढ झोप लागल्यावर. आणि रक्तात आलेलं हार्मोन साधारण वीस मिनिटांत निम्मं होतं. म्हणजे दोन झटक्यांच्या मधल्या वेळेत निरोगी मुलाच्या रक्तातही ते मोजता येईल न येईल इतकंच असतं.

आपल्याकडे नळाला पाणी येतं तसं समजा. पहाटे दोन तास येतं. कुणी दुपारी बाराला येऊन तोटी फिरवली, थेंब आला नाही, आणि लिहून गेला की "ह्या घराला पाणीपुरवठा नाही", तर तुम्ही काय म्हणाल? काकूंच्या नातवाचं झालं ते हेच. सहज कधीतरी घेतलेल्या एका नमुन्यावरून ग्रोथ हार्मोनची कमतरता ठरवता येत नाही. नवजात बाळात, तेही रक्तातली साखर खाली गेलेली असताना, अशा एका नमुन्याला थोडा अर्थ असतो. एरवी नाही.

मग बघायचं काय? तोटी नाही, हौद बघायचा. ग्रोथ हार्मोन यकृताला सांगतं आणि यकृत आयजीएफ-१ नावाचं प्रथिन तयार करतं. हे आयजीएफ-१ रक्तात एकटं फिरत नाही. आयजीएफबीपी-३ आणि आणखी एका प्रथिनाला धरून असतं, त्यामुळे लवकर नाहीसं होत नाही. सकाळी मोजा, संध्याकाळी मोजा, फारसा फरक पडत नाही. म्हणून पहिल्या फेरीत ग्रोथ हार्मोनपेक्षा आयजीएफ-१ मोजणं जास्त शहाणपणाचं.

पण हौदाचीही एक गोची आहे. नळाला पाणी असूनही हौद रिकामा असू शकतो: हौद फुटका असेल, किंवा भरणाराच नसेल. कुपोषणात आयजीएफ-१ खाली जातं. यकृताच्या आजारात जातं. थायरॉईड कमी असेल तर जातं. साखर ताब्यात नसलेल्या मधुमेहात जातं. शिवाय वयाप्रमाणे ते प्रचंड बदलतं. लहानपणी कमी, वयात येताना झपाट्याने वर, नंतर हळूहळू खाली. त्यामुळे आयजीएफ-१ चा आकडा वय आणि लिंगाप्रमाणे दिलेल्या मर्यादेशीच ताडायचा. रिपोर्टवर प्रौढांची मर्यादा छापलेली असेल आणि पोरगा सात वर्षांचा असेल, तर तो रिपोर्ट कमी दाखवणारच. असे कागद मी पाहिलेत, म्हणून सांगतेय.

कमी वाटलं तर उठवून बघा, जास्त वाटलं तर दाबून बघा

अंतःस्रावशास्त्राची ही एक ओळ लक्षात ठेवली तर पिट्युटरीच्या निम्म्या चाचण्या पाठ न करता समजतात.

ग्रोथ हार्मोन कमी असल्याचा संशय आहे? मग पिट्युटरीला मुद्दाम ढोसून बघायचं: आहे का काही साठा, दे बघू. ह्याला स्टिम्युलेशन टेस्ट म्हणतात. मूल रात्रीपासून उपाशी. सकाळी हाताला सुई लावून ठेवतात, औषध देतात आणि दर अर्ध्या तासाने दोन तासांपर्यंत रक्त घेतात. ग्लुकागॉन वापरलं तर तीन तास. सगळ्या नमुन्यांतला सर्वांत वरचा आकडा पाहायचा. क्लोनिडीन हे तोंडाने द्यायचं औषध. मुलाला झोप येते, रक्तदाब खाली जातो, म्हणून झोपवूनच ठेवायचं. इन्सुलिन देऊन करायची चाचणी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात धोक्याची. त्यात साखर मुद्दाम ४० च्या खाली किंवा मूळच्या निम्म्यावर आणतात. शेजारी डॉक्टर आणि ग्लुकोजची सुई तयार नसेल तर ही चाचणी करायचीच नाही.

उलट, ग्रोथ हार्मोन जास्त असल्याचा संशय आहे? म्हणजे अंगठी घट्ट व्हायला लागली, चपलेचा नंबर चाळिशीत वाढला, जबडा पुढे आला, अशी अॅक्रोमेगलीची लक्षणं? मग ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला द्यायचं. निरोगी माणसात साखर वाढली की ग्रोथ हार्मोन दबतं, १ च्या खाली जातं. आजकालच्या संवेदनशील किटवर ०.४ च्याही खाली. ट्यूमरमधून येणारं हार्मोन कुणाचं ऐकत नाही, ते दबत नाही. इथेही पहिली चाचणी आयजीएफ-१ च.

आता खरी अडचण. स्टिम्युलेशननंतर आकडा किती वर गेला पाहिजे? पुस्तकात १० लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी आता ७ वापरतात. हे १० आलं कुठून?

१९५८ साली मॉरिस रेबन ह्यांनी माणसाच्या पिट्युटरीतून काढलेलं ग्रोथ हार्मोन एका मुलाला देऊन उंची वाढवता येते हे दाखवलं. त्यानंतर जवळजवळ तीन दशकं हे औषध मृत व्यक्तींच्या पिट्युटरी गोळा करूनच बनत होतं. अर्थातच पुरत नव्हतं. मग कुणाला द्यायचं? ज्यांचं अगदीच कमी आहे त्यांना. तेव्हा मर्यादा खाली होती. १९८५ मध्ये कळलं की ह्या औषधातून काही मुलांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब नावाचा मेंदूचा जीवघेणा आजार झालाय. ते औषध बंद झालं आणि त्याच वर्षी जिवाणूंत बनवलेलं रिकॉम्बिनंट ग्रोथ हार्मोन बाजारात आलं. आता हवं तेवढं मिळू लागलं. मर्यादाही वर-वर सरकत ७ आणि १० पर्यंत आली. जीवशास्त्र तेच होतं, मुलं तीच होती. बदलला होता तो पुरवठा. कुठल्याही रिपोर्टवर कट-ऑफ दिसला की तो कुणी, कधी, कशासाठी ठरवला हे विचारायची सवय लावून घ्या. तोंडी परीक्षेत तर उपयोगी पडेलच.

दुसरी अडचण त्याहून खोल आहे. चाचणी बरोबर की चूक हे ठरवायला कुठलीतरी पक्की कसोटी लागते. ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेला तशी कसोटीच नाही. निरोगी मुलांना किती येतं हे बघायचं तर शेकडो निरोगी मुलांना उपाशी ठेवून, औषध देऊन, पाच-पाच वेळा रक्त काढावं लागेल. कुठलीही एथिक्स कमिटी सहजासहजी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पालकांच्या संमतीबरोबर सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. त्यामुळे "नॉर्मल" ची आकडेवारी तोकडीच राहते. त्यात लठ्ठ मुलांत प्रतिसाद कमी येतो. वयात यायच्या उंबरठ्यावरच्या मुलांतही कमी येतो, म्हणून काही ठिकाणी आधी सेक्स हार्मोनचा छोटा डोस देऊन मग चाचणी करतात. थायरॉईड कमी असेल तरीही कमी येतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

थोडं गणित

वही-पेन घ्या. आकडे मी धरलेले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. समजा बुटकी म्हणून आणलेली १,००० मुलं आहेत. त्यातल्या २० जणांना खरोखर ग्रोथ हार्मोनची कमतरता आहे. आपली चाचणी खऱ्या रुग्णांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगी मुलांपैकी १५ टक्क्यांना चुकून "कमी" म्हणते. वाईट चाचणी नाही म्हणायची.

२० पैकी १८ पकडले. उरलेल्या ९८० पैकी १४७ चुकून अडकले. म्हणजे "कमतरता आहे" असा शिक्का बसला १६५ जणांवर आणि त्यात खरे १८. नऊ मुलांमागे एक खरं. बाकीच्या आठ जणांना वर्षानुवर्षं रोज इंजेक्शन.

म्हणून दोन वेगवेगळ्या औषधांनी दोन चाचण्या करायचा नियम आहे. दोन्हीत कमी आलं तरच कमी. पुन्हा हिशेब करा: खरे १६, चुकीचे २२. बरंच सुधारलं. पण इथे एक चलाखी आहे, तुम्ही पकडलीत का? मी ०.१५ गुणिले ०.१५ केलं, म्हणजे दोन्ही चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरलं. त्या नाहीत. जो पोरगा लठ्ठपणामुळे क्लोनिडीनला कमी प्रतिसाद देतो, तो ग्लुकागॉनलाही कमीच देईल. त्यामुळे प्रत्यक्षात चुकीचे २२ पेक्षा जास्तच निघणार.

ह्यावरचा इलाज प्रयोगशाळेत नाही. चाचणीला पाठवायच्या आधीच मुलं नीट निवडली, तर १,००० मध्ये २० ऐवजी १०० मध्ये २० होतात आणि सगळं गणितच पालटतं. निवडायची कशी? टेपने. चार-पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. चारच्या खाली वाढ असेल तर थांबून विचार करायला हवा. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी डब्ल्यूएचओचे तक्ते आहेत. पाच ते अठरा वयासाठी भारतीय बालरोग संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात. ते बनवण्यात पुण्याच्या जहांगीर रुग्णालयाशी जोडलेल्या संशोधन केंद्रातल्या वामन आणि अनुराधा खाडिलकर ह्यांचा पुढाकार होता. आणि आई-वडिलांची उंची विसरू नका. मुलासाठी दोघांची बेरीज अधिक १३, भागिले दोन. मुलीसाठी उणे १३. वडील १६५, आई १५२ असतील तर मुलाकडून अपेक्षा १६५ च्या आसपासची. त्याला १८० करायचं इंजेक्शन कुठे मिळत नाही. मनगटाचा एक साधा एक्स-रे हाडांचं वय सांगतो. मुलगी बुटकी असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी गुणसूत्रं तपासायलाच हवीत.

एकच नळी, दोन किट, दोन आकडे

आपल्यासारख्यांच्या कामाचा भाग आता येतो. १९५९-६० च्या सुमारास रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन ह्यांनी रेडिओइम्युनोअसे काढली. रक्तातलं अब्जांश प्रमाणातलं हार्मोन अँटिबॉडीने धरून किरणोत्सारी खुणेने मोजायचं. १९७७ मध्ये यॅलो ह्यांना नोबेल मिळालं. बर्सन तोवर गेले होते. आज किरणोत्साराची जागा बहुतेक ठिकाणी प्रकाश देणाऱ्या रसायनांनी घेतलीय, पण तत्त्व तेच: अँटिबॉडी जे ओळखेल तेच मोजलं जाणार.

आणि ग्रोथ हार्मोन हा एकच रेणू नाही. मुख्य रूप २२ किलोडाल्टनचं, त्याच्याबरोबर २० किलोडाल्टनचं, जोड्या झालेले रेणू, तुकडे. जुन्या अँटिबॉडी ह्यातलं बरंच काही धरायच्या. नव्या मोनोक्लोनल अँटिबॉडी निवडक असतात, त्यामुळे आकडा कमी येतो. किट कुठल्या प्रमाण नमुन्याशी जुळवलंय ह्यावरही आकडा हलतो. आता सगळ्यांनी ९८/५७४ हा रिकॉम्बिनंट प्रमाण नमुना वापरावा असं ठरलंय. म्हणजे एकाच मुलाचं रक्त सांगलीतल्या एका यंत्रावर आणि पुण्यातल्या दुसऱ्या यंत्रावर घातलं तर एकात ७.८ आणि एकात ६.१ येऊ शकतं. दोन्ही यंत्रं बरोबर. पण ७ च्या रेषेवर पोरगा एकदा अलीकडे, एकदा पलीकडे. तुमच्या प्रबंधात "ग्रोथ हार्मोन मोजले" एवढं लिहून चालणार नाही. किट कुठलं, प्रमाण नमुना कुठला, सीव्ही किती, हे लिहा.

आणखी दोन खोड्या. प्रोलॅक्टिन मोजताना दोन अँटिबॉडी वापरतात, एक खालून धरणारी, एक वरून खूण लावणारी. प्रोलॅक्टिन प्रचंड असेल तर दोघींना वेगवेगळे रेणू मिळतात, मधला सांधा जुळतच नाही आणि मोठ्या ट्यूमरच्या रुग्णात आकडा मध्यमच दिसतो. नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा लावला की खरा आकडा बाहेर येतो. ह्याला हुक इफेक्ट म्हणतात. दुसरी खोडी बायोटिनची, म्हणजे केसांसाठी घेतात त्या गोळ्यांची. बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनवर चालणाऱ्या किटमध्ये जास्त बायोटिन घुसलं की असा दोन अँटिबॉडींचा आकडा खोटा कमी येतो, आणि स्पर्धात्मक पद्धतीचा खोटा जास्त. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये ह्याबद्दल इशारा दिला होता. नमुना घेताना "केसांच्या गोळ्या चालू आहेत का?" असं विचारायला दहा सेकंद लागतात.

आणि माझी स्वतःची फजिती सांगते. एसीटीएच हे पिट्युटरीचं हार्मोन खोलीच्या तापमानाला पटापट तुटतं. इडीटीएच्या नळीत, बर्फात, लगेच प्लाझ्मा वेगळा करून गोठवायचा असतो. पहिल्या वर्षी माझे सहा नमुने सेंट्रिफ्यूजमध्ये असताना लाईट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत पाऊण तास. मी तेच नमुने पुढे वापरले, कारण पुन्हा गोळा करायचा कंटाळा. सहाही कमी आले. दोन आठवडे मी त्या "कमी" आकड्यांवर सिद्धांत रचत बसले होते. गाईडनी वहीतली वेळ विचारली, तेव्हा वहीत वेळच लिहिलेली नव्हती. आता पाटण किंवा जतहून कूरियरने येणाऱ्या नमुन्याचा प्रवास डोळ्यांसमोर आणा.

घोणस आणि टीएसएच

पिट्युटरी म्हटलं की आपण मुलांच्या उंचीपाशी थांबतो. पण सातारा-सांगलीच्या उसाच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट माहीत हवी. घोणस चावल्यावर विषामुळे रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते. काही रुग्णांत पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ग्रंथी मरते. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाल्यावर काही बायकांत असंच होतं, त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. माणूस सापाच्या विषातून वाचतो, घरी येतो. मग महिन्यांनी, कधी वर्षांनी, थकवा, भूक नाही, दाढी-मिशी विरळ, बाईची पाळी बंद. घरचे म्हणतात, विष अंगात राहिलंय.

असा माणूस दवाखान्यात आला की बहुतेक वेळा टीएसएच करतात. आणि टीएसएच नॉर्मल येतं! कारण उघड आहे, टीएसएच पिट्युटरीच बनवते. थायरॉईड बिघडली तर पिट्युटरी ओरडते आणि टीएसएच वाढतं. पिट्युटरीच मेली तर ओरडणार कोण? म्हणून पिट्युटरीचा संशय असेल तिथे नुसतं टीएसएच बघायचं नाही, फ्री टी-४ सोबत हवंच. फ्री टी-४ कमी आणि तरी टीएसएच नॉर्मल किंवा कमी, ही जोडीच निदान सांगते. त्याबरोबर सकाळी आठचं कॉर्टिसॉल. ते ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता जवळजवळ नक्की, १५-१८ च्या वर असेल तर बहुधा नाही, मधे असेल तर पुन्हा उठवून बघा. सांधेदुखीवर कुठून तरी आणलेल्या पुड्यांत स्टेरॉईड असेल तरीही कॉर्टिसॉल दबलेलं येतं, तेही विचारायचं. उपचारातही क्रम महत्त्वाचा: आधी स्टेरॉईड, मग थायरॉक्सिन. उलटं केलं तर जिवावर बेतू शकतं.

मामाची मुलगी आणि एक अक्षर

१९९३ मध्ये बुटक्या उंदरांच्या एका जातीत जीएचआरएचच्या ग्राहकाचं जनुक बिघडलेलं सापडलं. १९९६ मध्ये तोच दोष माणसात पहिल्यांदा सापडला, आणि तो एका भारतीय कुटुंबात. जनुकातलं एक अक्षर बदलून ७२ व्या जागी ग्लुटामेटऐवजी "इथे थांब" असा संकेत आला होता; नाव ई७२एक्स. ग्राहक अर्धवटच बनतो, "सोड" हा निरोप पिट्युटरीला ऐकूच येत नाही. पुढे हाच बदल पाकिस्तानातल्या सिंधमधल्या एका मोठ्या घराण्यात सापडला. २००५ मध्ये मुंबईच्या मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या मुलांतही तोच दाखवला. ही मुलं बुटकी पण प्रमाणबद्ध, बुद्धी छान, आणि कुठलंही औषध देऊन ढोसा, ग्रोथ हार्मोन वर येत नाही. इथे कट-ऑफ ७ की १० हा वाद उरतच नाही.

दोष अप्रभावी आहे, आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार. दोघे वाहक असतील तर प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न रीतीला धरून आहे, त्यामुळे वंशावळ काढताना हा प्रश्न टाळता येत नाही. फक्त विचारायची पद्धत बघा. "आप्तविवाह झाला आहे का?" असं विचारलंत तर समोरची आजी "नाही" म्हणेल. "सून भावाची पोरगी की बाहेरची?" असं विचारा, ती तीन पिढ्या सांगेल. विचारताना आवाजात न्यायाधीश नको.

काकूंच्या नातवाचं काय झालं ते राहिलंच. मी त्यांना एवढंच सुचवलं, की बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन शाळेतल्या उंचीच्या नोंदी दाखवा आणि इंजेक्शनचं ठरवण्याआधी बाकीचं बघून घ्या. शाळेच्या नोंदीत वर्षभरात अडीच सेंटिमीटर वाढ दिसली, म्हणजे काळजी खरी होती. मनगटाच्या एक्स-रेत हाडांचं वय सहा. टीएसएच १०० च्या वर. थायरॉईड स्वतःच बिघडली होती, पिट्युटरी बिचारी ओरडून ओरडून दमली होती. त्या अवस्थेत आयजीएफ-१ ही कमी आलं असतं आणि स्टिम्युलेशन टेस्टही "फेल" झाली असती, दोन्ही वेळा.

रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची एक गोळी. गणपतीला गेले तेव्हा त्याने मला ओढत स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, शेजारी तारखा. सर्वांत वरची १२२. "ताई, आता रांगेत मी चौथा," म्हणाला. काकू आतून ओरडल्या, "चपला काढून मोजलंस का रे?"